‘नाही’चं बटण कुठं आहे?

२०२२च्या उन्हाळ्यात आणि त्यानंतरच्या काही महिन्यांत जर्मनी आणि ऑस्ट्रियातल्या हजारो छोट्या वेबसाइटमालकांना वकिलाची पत्रं आली. मजकूर जवळपास सारखाच असे. तुमच्या साइटवरची अक्षरं गूगलच्या सर्व्हरवरून येतात, माझ्या अशिलानं तुमची साइट उघडली तेव्हा त्याचा आयपी पत्ता त्याला न विचारता गूगलकडं गेला, तेव्हा १७० युरोंच्या आसपास रक्कम भरा आणि प्रकरण मिटवा. या मागणीला म्युनिकच्या एका न्यायालयाच्या २० जानेवारी २०२२च्या निकालाचा आधार होता. नेमक्या याच कारणासाठी तिथं एका साइटमालकाला १०० युरो भरपाई द्यावी लागली होती.

कित्येकांनी कटकट नको म्हणून पैसे भरून टाकले. डिसेंबर २०२२मध्ये बर्लिनच्या सरकारी वकिलांनी या पत्रांमागचा एक वकील आणि त्याचा अशील यांच्या जागांवर झडत्या घेतल्या. साइट कुणी माणूस बसून उघडत नव्हता, ते काम सॉफ्टवेअर करत होतं, असा त्यांचा आरोप होता. तोवर त्यांच्या हिशेबात किमान २,४१८ प्रकरणं आली होती.

पत्रांमागचा हेतू काहीही असो, त्यातून एक गोष्ट उघड झाली. आपल्या साइटवरून कुणाकडं काय जातं, हे त्या साइटच्या मालकाला ठाऊक नसतं. त्यानं वर्डप्रेसची तयार थीम घेतलेली असते, तिच्यासोबत फाँट आलेला असतो. दुकानाचा पत्ता दिसावा म्हणून नकाशा लावलेला असतो, कार्यक्रमाची चित्रफीत यूट्यूबवरून घेतलेली असते. किती लोक येतात ते कळावं म्हणून कुणीतरी गूगल अ‍ॅनालिटिक्स जोडून दिलेलं असतं आणि कधीतरी जाहिरात केली तेव्हा बसवलेला, माग ठेवणारा फेसबुकचा पिक्सेल तसाच राहिलेला असतो. यातली प्रत्येक गोष्ट वाचकाच्या ब्राउझरला तिसऱ्याच कुणाच्या तरी दारी पाठवते. कुकीच्या संमतीचा सगळा गुंता इथून सुरू होतो. वाचकाला काय विचारायचं हे ठरवण्याआधी मालकाला आपल्या घरात काय आहे ते माहीत असावं लागतं.

कुकी जन्मली ती अगदी साध्या अडचणीतून. १९९४मध्ये नेटस्केप कंपनीत लू माँटुली हा तेवीस वर्षांचा अभियंता काम करत होता. वेबच्या सर्व्हरला मागचं काही आठवत नसे. एकाच माणसानं उघडलेलं दुसरं पान त्याला नव्या माणसाचं वाटे. अशानं ऑनलाइन दुकानात टोपली भरायची कशी? माँटुलीनं उपाय काढला, की सर्व्हरनं एक छोटी चिठ्ठी ब्राउझरकडं ठेवायला द्यावी आणि ब्राउझरनं पुढच्या खेपेला ती परत दाखवावी. ती चिठ्ठी ज्यानं दिली त्यालाच दिसावी, असाही बंदोबस्त त्यानं केला होता.

पण एका पानावर दहा ठिकाणांहून चित्रं आणि जाहिराती येऊ लागल्या तेव्हा तो बंदोबस्त अपुरा पडला. वर्तमानपत्राच्या पानावर जाहिरात कंपनीचं चित्र असेल तर तिचीही चिठ्ठी ठेवली जाते. त्याच कंपनीची जाहिरात बुटांच्या दुकानाच्या साइटवर असली की तिथं ती चिठ्ठी पुन्हा दिसते, मग आजाराची माहिती देणाऱ्या साइटवर दिसते. तुम्ही कुठं कुठं गेलात याचा माग आपोआप तयार होतो. धोका लगेच ओळखलाही गेला होता. फेब्रुवारी १९९७मध्ये इंटरनेटच्या तांत्रिक मानकांचा दस्तऐवज आला, त्यात अशा तिसऱ्या पक्षाच्या कुकी मुळात बंद ठेवाव्यात असं सांगितलं होतं. नेटस्केप आणि इंटरनेट एक्सप्लोरर या त्या काळच्या दोन्ही मोठ्या ब्राउझरांनी ते ऐकलं नाही. तेव्हा ऐकलं असतं तर साइट उघडताच समोर येणाऱ्या संमतीच्या पट्ट्यांवर इतकी वर्षं खर्ची पडली नसती, असं मला ठामपणे वाटतं.

युरोपीय संघाचा या विषयावरचा पहिला निर्देश २००२चा. त्यात वाचकाला नकार देता यावा एवढीच अपेक्षा होती. २००९मध्ये तो बदलला आणि कुकी ठेवण्याआधी संमती घ्या, असं झालं. सदस्य देशांना त्यासाठी मे २०११ची मुदत मिळाली. मग २५ मे २०१८ रोजी जीडीपीआर हा माहिती संरक्षणाचा मोठा कायदा लागू झाला. खरी संमती कशी असते ते त्यानं स्पष्ट केलं. ती मोकळेपणानं, विशिष्ट कारणासाठी, माहिती असताना आणि स्वतःच्या कृतीतून दिलेली असली पाहिजे. जीडीपीआरमध्ये दंडाची कमाल मर्यादा दोन कोटी युरो किंवा जगभरच्या वार्षिक उलाढालीच्या चार टक्के, यातली मोठी रक्कम अशी आहे.

या कायद्यांत कुठंही ‘पट्टी लावा’ असं लिहिलेलं नाही. वाचकानं मागितलेली सेवा देण्यासाठी जी कुकी लागतेच तिला संमतीची गरज नाही, असं निर्देशातच आहे. टोपलीत टाकलेला माल लक्षात ठेवणारी, लॉगिन टिकवणारी, वाचकानं निवडलेली भाषा आठवणारी कुकी न विचारता ठेवता येते. विचारायचं ते बाकीच्यांसाठी. म्हणजे पट्टी लावायची की नाही हे साइटवर काय ठेवलंय त्यावरून ठरतं, आणि साइटवर काय ठेवायचं ते मालक ठरवतो.

मालकांनी काय केलं? पहिल्या काही वर्षांत बहुतेकांनी तळाशी एक ओळ टाकली, ‘ही साइट कुकी वापरते’, शेजारी ‘ठीक आहे’ असं बटण. बटण दाबा अथवा न दाबा, कुकी आधीच ठेवलेली असायची. २०१८मध्ये दंडाची भीती बसली तेव्हा लॉस एंजेलिस टाइम्स आणि शिकागो ट्रिब्यून या अमेरिकी वर्तमानपत्रांनी युरोपातल्या वाचकांना दारच बंद केलं. यूएसए टुडेनं युरोपीय वाचकांसाठी माग ठेवणारी यंत्रणा काढून टाकलेली वेगळी आवृत्ती दिली. ती मूळ साइटपेक्षा कितीतरी हलकी आणि चपळ निघाली आणि तेव्हा तिची बरीच चर्चा झाली.

बाकीच्यांनी तयार यंत्रणा विकत घेतली. संमती गोळा करणं हा तोवर एक धंदा झाला होता. अमेरिकेतली वनट्रस्ट, डेन्मार्कमध्ये सुरू झालेली कुकीबॉट, म्युनिकची यूझरसेंट्रिक्स अशा कंपन्या साइट तपासून कुकींची यादी करतात, पट्टी देतात, वाचकानं होकार देईपर्यंत बाकीचे स्क्रिप्ट अडवून धरतात आणि कुणी कधी काय निवडलं याची नोंद ठेवतात. यंत्रणा म्हणून हे चांगलंच आहे. अडचण अशी, की पट्टी कशी दिसावी हे मालक निवडतो आणि त्याला होकारांचा आकडा मोठा हवा असतो.

होकार कसे वाढवायचे हे लवकरच सगळ्यांना कळलं. जर्मनीतल्या बोखुमच्या रूर विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१९मध्ये एका जर्मन साइटच्या ८०,०००हून अधिक वाचकांवर पट्टीचे वेगवेगळे नमुने लावून पाहिले. पट्टी कुठं आहे, बटणाचा रंग कोणता, चौकटीत आधीच खूण आहे की नाही, यावर उत्तर बदलत होतं. सगळ्या चौकटी रिकाम्या ठेवल्या तर आपणहून तिसऱ्या पक्षाच्या कुकींना हो म्हणणारा हजारात एखादाच निघे. २०२०मध्ये आणखी एक अभ्यास आला. ब्रिटनमधल्या सर्वाधिक भेटींच्या १०,००० साइटींपैकी ज्यांवर अशी तयार यंत्रणा होती, त्यातल्या फक्त ११.८ टक्के कायद्याच्या किमान अटी पाळत होत्या. ‘सगळं नाकारा’ हे बटण पहिल्या पडद्यावरून हलवून आत ठेवलं की होकार २२ ते २३ टक्केबिंदूंनी वाढतो, हेही त्याच अभ्यासात दिसलं. पट्टीमागं माणसाचं मत विचारण्याचा हेतू किती होता, ते या आकड्यांवरून समजतं.

त्याच वर्षी फ्रान्समधल्या इन्रिया संस्थेच्या संशोधकांनी पट्टीच्या मागं डोकावून पाहिलं. जाहिरात उद्योगाच्या आयएबी युरोप या संघटनेनं संमती नोंदवायची एक सामाईक पद्धत केली आहे. तुमचं होकार-नकाराचं उत्तर त्यात अक्षरांच्या एका लांब ओळीत बांधलं जातं आणि शेकडो जाहिरात कंपन्यांना दिलं जातं. ही पद्धत वापरणाऱ्या १,४२६ साइटी त्यांनी तपासल्या. १४१ साइटींनी वाचकानं काही निवडण्याआधीच होकार नोंदवला होता. २७ साइटींवर वाचकानं स्पष्ट नकार दिला, तरी आत होकारच लिहिला गेला. या दुसऱ्या आकड्याचा मला मनस्वी संताप येतो. बाकीच्या युक्त्यांत निदान वाचकाचं बोट वळवलं जातं. इथं त्यानं दिलेलं उत्तरच बदललं गेलं.

न्यायालयं आणि नियामक हळूहळू जागे झाले. जुलै २०१९मध्ये युरोपीय न्यायालयानं फॅशन आयडी या जर्मन कपडेविक्रेत्याच्या खटल्यात सांगितलं, की फेसबुकचं ‘लाइक’ बटण आपल्या पानावर लावणारा मालकही फेसबुककडं जाणाऱ्या माहितीला संयुक्तपणे जबाबदार असतो. बटण फेसबुकचं आहे, आत काय होतं ते आम्हाला दिसत नाही, हा बचाव चालला नाही. छोट्या मालकांच्या दृष्टीनं मला हा निकाल सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. १ ऑक्टोबर २०१९चा प्लॅनेट४९चा निकाल जास्त गाजला. त्यात एका सोडतीच्या साइटवर आधीच खूण केलेली चौकट होती. न्यायालयानं ती संमती मानली नाही. कुकी किती काळ राहील आणि कुणाला दिसेल हेही वाचकाला सांगितलं पाहिजे, असं त्याच निकालात आहे.

फ्रान्सच्या सीएनआयएल या नियामकानं मग मुद्दा थेट बटणांपर्यंत आणला. होकार जितका सोपा तितकाच नकार सोपा हवा, हा त्यांचा नियम. तो पाळायला मार्च २०२१ अखेरची मुदत होती. २०२२च्या पहिल्या आठवड्यात त्यांनी गूगलला १५ कोटी आणि फेसबुकला ६ कोटी युरोंचा दंड जाहीर केला. कारण एवढंच, की होकाराला एक क्लिक पुरे आणि नकाराला अनेक. फेसबुकवर तर नकार देण्यासाठी जे बटण दाबावं लागे त्यावर ‘कुकी स्वीकारा’ असंच लिहिलेलं होतं. काही महिन्यांत गूगलनं युरोपात ‘सगळं नाकारा’ हे बटण समोर आणलं. सप्टेंबर २०२५मध्ये गूगलला पुन्हा ३२ कोटी ५० लाख आणि शीन या कपड्यांच्या कंपनीला १५ कोटी युरो दंड झाला. व्हिएन्नात खासगीपणाच्या हक्कांसाठी लढणारे माक्स श्रेम्स यांची नॉयब ही संस्था आहे. तिनं २०२१मध्ये दुसरा मार्ग धरला. सदोष पट्ट्या शोधणारं सॉफ्टवेअर केलं, आधी मालकांना तक्रारीचा मसुदा आणि दुरुस्त कसं करायचं याची माहिती पाठवली, आणि ज्यांनी पुरतं सुधारलं नाही त्यांच्याविरुद्ध ऑगस्टमध्ये ४२२ रीतसर तक्रारी केल्या. आधी दुरुस्तीची संधी देणारी ही पद्धत मला १७० युरोंच्या पत्रांपेक्षा कितीतरी सरळ वाटते.

नियम करणारेही यातून सुटले नाहीत. युरोपीय संसदेनं कोविड चाचणीच्या नोंदणीसाठी केलेल्या साइटवर गूगल अ‍ॅनालिटिक्सच्या आणि स्ट्राइप या पैसे भरण्याच्या सेवेच्या कुकी निघाल्या, पट्टीही गोंधळात टाकणारी होती. जानेवारी २०२२मध्ये तिला माहिती संरक्षण पर्यवेक्षकाकडून ताकीद मिळाली. जानेवारी २०२५मध्ये खुद्द युरोपीय आयोगाला एका नागरिकाला ४०० युरो भरपाई द्यावी लागली. आयोगाच्या साइटवर ‘फेसबुकनं साइन इन करा’ अशी सोय होती, तिच्यातून त्याचा आयपी पत्ता फेसबुकच्या मेटा कंपनीकडं गेला होता. पदरी वकील आणि तंत्रज्ञ असणाऱ्यांची ही गत, तर चार माणसांच्या दुकानाला हे आपोआप कळेल ही अपेक्षा फार आहे.

विकतची यंत्रणा लावली म्हणजे जबाबदारी संपली, असंही नाही. कॅलिफोर्नियात नियम थोडा वेगळा आहे. तिथं आधी संमती लागत नाही, पण वाचकानं ‘माझी माहिती विकू नका’ म्हटलं की थांबावं लागतं. टॉड स्नायडर या कपड्यांच्या कंपनीच्या साइटवर कुकीची निवड दाखवणारी चौकट उघडताक्षणी नाहीशी होत होती आणि हे ४० दिवस चाललं. मे २०२५मध्ये तिथल्या नियामकानं ३,४५,१७८ डॉलर दंड केला. यंत्रणा बाहेरच्या कंपनीची असली तरी ती चालते की नाही हे पाहणं मालकाचं काम, असं त्यांनी बजावलं. वर्डप्रेसवाल्यांना आणखी एक अनुभव आहे. फेब्रुवारी २०२०मध्ये सात लाखांहून अधिक साइटींवर असलेल्या एका कुकी-संमतीच्या प्लगइनमध्ये गंभीर सुरक्षादोष सापडला होता. वाचकाच्या रक्षणासाठी बसवलेल्या वस्तूतूनच शिरकाव होऊ शकत होता.

कुकीच काढून टाकण्याचा रस्ताही काहींनी घेतला. डिसेंबर २०२०मध्ये प्रोग्रॅमरांचा कोड साठवणाऱ्या गिटहब या साइटचे तेव्हाचे प्रमुख नॅट फ्रीडमन यांनी जाहीर केलं, की आपल्याला पट्टी नको असेल तर अनावश्यक कुकीच ठेवू नयेत हे सोपं आहे, आणि गिटहबनं त्या काढल्या. पुढं २०२२मध्ये कंपन्यांसाठीच्या प्रचाराच्या पानांवर त्या काही प्रमाणात परत आल्या. विक्रीविभागाचा रेटा किती असतो याची त्यावरून कल्पना यावी. नेदरलँड्सच्या एनपीओ या सार्वजनिक प्रसारण संस्थेचं उदाहरण मला जास्त बोलकं वाटतं. स्पष्ट विचारलं तेव्हा बहुतेक प्रेक्षकांनी नकार दिला. म्हणून २०२०च्या सुरुवातीपासून त्यांनी माणसाचा माग काढणाऱ्या जाहिराती बंद केल्या आणि कार्यक्रमाच्या विषयाशी जुळणाऱ्या जाहिराती दाखवायला सुरुवात केली. पहिल्या दोन महिन्यांत ऑनलाइन जाहिरातींचं उत्पन्न आदल्या वर्षीपेक्षा निम्म्याहून अधिक वाढलं. मधले दलाल गेले, हे त्याचं एक मोठं कारण. पण एनपीओ मोठी आहे, जाहिराती विकणारी तिची स्वतःची व्यवस्था आहे. पाककृती लिहून महिन्याकाठी थोडेफार पैसे मिळवणाऱ्या माणसाकडं तशी व्यवस्था नसते.

त्या माणसाची बाजू समजून घेतलीच पाहिजे. संमती मागितली की भेटींचे आकडे घटतात, कारण नकार देणारे मोजलेच जात नाहीत. जाहिरातीचा भाव पडतो. त्यात १६ जानेवारी २०२४पासून गूगलनं अट घातली, की युरोपीय आर्थिक क्षेत्रातल्या आणि ब्रिटनमधल्या वाचकांना अ‍ॅडसेन्सच्या व्यक्तीनुरूप जाहिराती दाखवायच्या तर गूगलनं प्रमाणित केलेली संमतीयंत्रणाच वापरावी लागेल. पुण्यात किंवा सांगलीत बसून मराठी साइट चालवणाऱ्यालाही ही अट लागू होते, कारण तिचे वाचक लंडनमध्ये आणि फ्रँकफर्टमध्ये असतात. युरोपातल्या महाराष्ट्र मंडळांच्या साइटींना तर तिथला कायदा थेटच लागतो. गणेशोत्सवाच्या नावनोंदणीचा अर्ज, त्याखाली नकाशा, बाजूला गेल्या वर्षीची चित्रफीत असं पान असेल, तर आधी सांगितलेली सगळी कहाणी त्या पानाचीही आहे.

अशा छोट्या मालकाला पहिलं काम फुकट करता येतं. ब्राउझरमध्ये आपली साइट नव्या, खासगी खिडकीत उघडायची, डेव्हलपर टूल्समध्ये जाऊन साठवलेल्या कुकींची यादी आणि पान कुठं कुठं संपर्क करतं ते पाहायचं, पट्टीला हात न लावता. तिथं ‘_ga’ने सुरू होणारी नावं असतील तर ती अ‍ॅनालिटिक्सची, ‘_fbp’ असेल तर फेसबुकची. मग एकेकाला विचारायचं, हे आपल्याला हवंय का? फाँटच्या फायली आपल्याच सर्व्हरवर ठेवता येतात. यूट्यूबची चित्रफीत कुकीविना दाखवायची सोय आहे, किंवा आधी नुसतं चित्र ठेवून वाचकानं दाबल्यावरच ती आणता येते. जर्मनीच्या हाइझे प्रकाशनानं २०११मध्येच ‘लाइक’ बटणासाठी ही दोन क्लिकची रीत काढली होती. नकाशाऐवजी पत्ता आणि दुवा पुरतो. भेटी मोजायच्या तर माटोमोसारखी मोजणीची यंत्रणा स्वतःच्या सर्व्हरवर ठेवता येते, आणि ती ठरावीक पद्धतीनं लावली तर फ्रान्सचा नियामक त्यासाठी संमतीही मागत नाही. जाहिराती असतील तर मात्र संमती घ्यावीच लागेल. मग ‘नाही’चं बटण ‘हो’च्या शेजारी, त्याच आकाराचं आणि त्याच रंगाचं असावं.

हा प्रश्न प्रत्येक साइटनं पुन्हा पुन्हा का विचारायचा, ब्राउझरनं एकदाच उत्तर घेऊन सगळ्यांना का सांगू नये, हा विचार जुना आहे. ‘डू नॉट ट्रॅक’ नावाचा असा संकेत ब्राउझरांत आलाही होता, पण तो मानायची सक्ती कुणावर नव्हती आणि त्याचं मानक ठरवणारा गट जानेवारी २०१९मध्ये गुंडाळला गेला. त्याच धर्तीच्या ‘ग्लोबल प्रायव्हसी कंट्रोल’ या संकेताला कॅलिफोर्नियात कायद्याचं बळ मिळालं. तो न मानल्याबद्दल सेफोरा या सौंदर्यप्रसाधनांच्या कंपनीला २०२२मध्ये १२ लाख डॉलर भरावे लागले. नोव्हेंबर २०२५मध्ये युरोपीय आयोगानंही पट्ट्या कमी करणारा प्रस्ताव मांडला. नकार एका क्लिकमध्ये देता यावा, नकार दिल्यावर सहा महिने पुन्हा विचारू नये आणि पुढं ब्राउझरमधूनच निवड कळवता यावी, असं त्यात आहे. मला ही दिशा योग्य वाटते. सक्ती असेल तरच ती चालेल, हे ‘डू नॉट ट्रॅक’च्या वाट्याला जे आलं त्यावरून दिसतं.

आणि आता आपली पाळी आहे. भारताच्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याला ऑगस्ट २०२३मध्ये राष्ट्रपतींची मंजुरी मिळाली, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५मध्ये अधिसूचित झाले, आणि साइटमालकांवरच्या मुख्य जबाबदाऱ्यांसाठी त्या नियमांत अठरा महिन्यांची मुदत ठेवली. कायद्यात कुकीचं नाव नाही, पण कुकीतून ओळखता येणाऱ्या माणसाची माहिती गोळा होत असेल तर तो लागू होतो. संमती मोकळी, विशिष्ट, विनाअट आणि स्पष्ट कृतीतून हवी, आणि दिली तितक्याच सहज ती मागं घेता आली पाहिजे, असं त्यात आहे. संमतीची विनंती इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या कुठल्याही भाषेत वाचण्याची सोय असली पाहिजे, हेही त्यात आहे. म्हणजे सोलापूरच्या वाचकाला आपली माहिती कशासाठी घेतली जाते ते मराठीत वाचण्याचा हक्क आहे. युरोपातली पट्टी उचलून तिचा यंत्रानं केलेला मराठी मजकूर चिकटवला, तर हा हक्क कागदावरच राहील. वाचक एका दमात वाचू शकेल अशा दोन-चार वाक्यांत, कोणती माहिती, कशासाठी, कुणाकडं, हे सांगता आलं पाहिजे. ते सांगता येत नसेल तर मालकानं आपल्या साइटवरची यादी पुन्हा तपासावी.

मुलांच्या बाबतीत आपला कायदा युरोपपेक्षा कडक आहे. अठरा वर्षांखालच्यांची माहिती पालकांच्या पडताळलेल्या संमतीशिवाय वापरता येत नाही. त्यांचा माग ठेवायला आणि त्यांच्यावर नेम धरून जाहिराती दाखवायला सर्वसाधारणपणे मनाई आहे. नियमांत शाळा आणि दवाखान्यांसारख्या काही मोजक्या सवलती आहेत. ही कलमं मोडल्यास दंड २०० कोटी रुपयांपर्यंत जाऊ शकतो. बालगीतं, गोष्टी, दहावीच्या प्रश्नपत्रिका देणाऱ्या कितीतरी मराठी साइटी जाहिरातींवर चालतात. त्यांच्या मालकांनी पट्टीचा रंग ठरवत बसण्याआधी आपल्या पानांवरून जाहिरातींसाठी माग काढणारे स्क्रिप्ट काढायला घ्यावेत. विषयाशी जुळणाऱ्या जाहिराती त्यांना ठेवता येतील, स्थानिक पुस्तकविक्रेता किंवा शिकवणीवर्ग यांच्याकडून थेट घेता येतील. अंमलबजावणीची तारीख येईपर्यंत थांबण्याचं त्यांना काहीच कारण नाही.